विल्यम थॉम्स आणि त्याचा पत्रव्यवहार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लोकसाहित्याचा अभ्यास केलेल्या प्रत्येकाला विल्यम जॉन थॉम्स हे नाव पाठ असतं. नेट-सेटच्या तयारीत ‘फोकलोअर हा शब्द कोणी व कधी वापरात आणला?’ असा प्रश्न येतो, आपण ‘थॉम्स, १८४६’ असं उत्तर लिहितो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो. त्या उत्तरामागचा माणूस खरं तर फार गमतीचा होता. सरकारी कारकुनी करत करत त्याने दुसऱ्यांना लिहितं केलं, आणि त्याचं स्वतःचं लेखन मात्र आज फारसं कोणी वाचत नाही. त्याच्याबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

थॉम्स नेमका कोण होता?

जन्म १६ नोव्हेंबर १८०३, लंडनच्या वेस्टमिन्स्टर भागातला. मृत्यू १५ ऑगस्ट १८८५, लंडनमध्येच. इंग्रजीत ज्याला अँटिक्वेरी म्हणत, त्या जातकुळीतला हा माणूस. जुनी हस्तलिखितं, चर्चच्या नोंदवह्या, थडग्यांवरचे लेख, गावोगावच्या चालीरीती, विसरलेली गाणी असं सगळं गोळा करणारा. इतिहास हा विद्यापीठात शिकवायचा रीतसर विषय होण्याआधी इंग्लंडमध्ये ही मंडळी पुष्कळ होती आणि त्यांतले बरेचसे हौशी होते: पाद्री, वकील, डॉक्टर, जमीनदार. थॉम्सकडे यांपैकी काहीच नव्हतं. ना इस्टेट, ना विद्यापीठाची पदवी.

मग पोटापाण्याचं काय?

नोकरी, आणि तीही जन्मभर. वडील नॅथॅनिएल थॉम्स सरकारी कोषागारात कारकून होते, त्यामुळे मुलगा त्याच वाटेने गेला. पहिली नोकरी चेल्सी हॉस्पिटलच्या सेक्रेटरीच्या कार्यालयात. नाव हॉस्पिटल असलं तरी हा दवाखाना नव्हे. दुसऱ्या चार्ल्स राजाने सतराव्या शतकात म्हाताऱ्या आणि जायबंदी सैनिकांसाठी उभारलेलं हे आश्रयस्थान. सैनिकांच्या पेन्शनचा कारभारही तिथूनच चाले. १८४५ पर्यंत थॉम्स तिथे होता.

त्यानंतर तो हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, म्हणजे ब्रिटिश संसदेच्या वरिष्ठ सभागृहात गेला. तिथल्या छापील कागदपत्रांचा तो कारकून होता. विधेयकं, समित्यांचे अहवाल, सभागृहापुढे ठेवलेली कागदपत्रं असला तो सारा पसारा. १८६३ मध्ये तो त्याच सभागृहाच्या ग्रंथालयाचा उपग्रंथपाल झाला आणि १८८२ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, तिथून निवृत्त झाला.

हा तपशील चरित्रकार दोन ओळींत उरकतात. माझ्या मते थॉम्स समजायचा तर इथूनच सुरुवात करायला हवी. आलेला कागद नोंदवायचा, योग्य जागी लावायचा, मागितला की पाच मिनिटांत काढून द्यायचा, हे ज्याने आयुष्यभर केलं त्याच माणसाला हजारो अनोळखी लोकांच्या पत्रांतून दर आठवड्याला एक नियतकालिक उभं करता आलं. प्रतिभावान विद्वानाला ते जमलं नसतं. चार अंकांनंतर तो कंटाळला असता.

जुन्या गोष्टींची गोडी कुणी लावली?

फ्रान्सिस डाउस या जुन्या पिढीतल्या संग्राहकाने. डाउस एके काळी ब्रिटिश म्युझियममध्ये हस्तलिखितांचा प्रमुख होता आणि त्याचा खासगी ग्रंथसंग्रह थक्क करणारा होता. पुढे तो संग्रह ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयाला मिळाला. या तरुण कारकुनाला डाउसने आपली पुस्तकं आणि हस्तलिखितं वापरू दिली. जुनं पुस्तक घरी नेऊ देणारा माणूस भेटणं हे त्या काळी मोठंच भाग्य होतं. आजही आहे म्हणा.

त्यातून थॉम्सचं पहिलं काम झालं: जुन्या इंग्रजी गद्य अद्भुतकथांचा तीन खंडांचा संग्रह, १८२७-२८ साली. वय चोवीस-पंचवीस. त्यानंतर देशोदेशींच्या दंतकथांचा संग्रह, दरबारी मानपानावरचं एक पुस्तक, जॉन स्टो या सोळाव्या शतकातल्या लेखकाने लिहिलेल्या लंडनच्या वर्णनाची १८४२ ची संपादित आवृत्ती, असं काम चालू राहिलं. १८२८ साली लॉरा सेल हिच्याशी लग्न झालं आणि पुढे प्रपंच चांगलाच वाढला. कारकुनाच्या पगारात एवढं घर चालवून उरलेल्या संध्याकाळी हे सगळं होत होतं.

१८४६ च्या त्या प्रसिद्ध पत्रात नेमकं काय होतं?

बहुतेकांना एवढंच माहीत असतं की त्यात ‘फोक-लोअर’ हा शब्द पहिल्यांदा आला. पत्र ‘अथेनियम’ या लंडनच्या साप्ताहिकात २२ ऑगस्ट १८४६ च्या अंकात छापून आलं. तोवर या विषयाला इंग्रजीत जे नाव होतं, त्याचा अर्थ साधारण ‘जनसामान्यांच्या पुराणवस्तू’ असा होई. थॉम्सने म्हटलं की त्यापेक्षा एक अस्सल सॅक्सन जोडशब्द बरा. आणि लगेच, हा शब्द आणण्याचा मान माझा आहे हे ध्यानात ठेवा, असंही बजावलं. माणूस नम्र होता, पण इतका नव्हे.

पण शब्द हा पत्रातला छोटा भाग. मुख्य मजकूर म्हणजे विनंती आहे. गावोगावचे रिवाज, समजुती, म्हणी, पोवाड्यासारखी जुनी गाणी झपाट्याने नाहीशी होत आहेत; पुष्कळ काही गेलंच, पण वेळेवर हातपाय हलवले तर काही वाचेल. ‘अथेनियम’ने आपल्या अंकात थोडी जागा द्यावी, वाचकांनी आपल्याला ठाऊक असलेलं लिहून पाठवावं. जर्मनीत लोककथा आणि जुन्या समजुती गोळा करणाऱ्या याकोब ग्रिमने जे केलं ते करणारा कोणी इंग्लंडात पुढेमागे निघेल. तोवर त्याच्यासाठी सामान तरी जमवून ठेवू.

आणि नमुना म्हणून त्याने एक बारीकशी गोष्ट दिली. ग्रिमने आपल्या ग्रंथात कोकिळेसारख्या कुकू पक्ष्याबद्दलच्या समजुती सांगितल्या आहेत. थॉम्स म्हणतो, आमच्या यॉर्कशायरमध्ये मुलं चेरीच्या झाडाभोवती फेर धरून गातात: कुकू, चेरीच्या झाडा, खाली ये आणि सांग मी किती वर्षं जगणार. मग एकेक मूल झाड हलवतं. जितकी चेरी पडतील तितकी त्याची वर्षं. एका पोरखेळाची ही चार ओळींची नोंद जर्मन विद्वानाच्या ग्रंथातली एक रिकामी जागा भरू शकते, हे त्याला वाचकांना पटवायचं होतं. पटलंही. ‘अथेनियम’ने जागा दिली आणि पत्रं येऊ लागली.

पत्राखाली ‘अँब्रोज मर्टन’ अशी सही आहे. टोपणनाव कशासाठी?

त्याच नावाने त्याने १८४६ मध्ये मुलांसाठी जुन्या गोष्टींची छोटी पुस्तकं काढली होती, म्हणजे नाव हाताशी तयारच होतं. शिवाय तेव्हाच्या इंग्रजी नियतकालिकांत निनावी किंवा टोपणनावाने लिहिणं हा रिवाज होता. यात गूढ शोधण्यासारखं फारसं नाही.

‘नोट्स अँड क्वेरीज’ कसं सुरू झालं?

‘नोट्स अँड क्वेरीज’, म्हणजे ‘टिपणं आणि प्रश्न’, हे थॉम्सचं साप्ताहिक. कल्पना जुनी होती. १८४१ च्या सुमारास थॉम्स आणि त्याचा मित्र जॉन ब्रूस यांच्यात बोलणं झालं होतं की अभ्यासकांनी एकमेकांना प्रश्न विचारावेत आणि उत्तरं द्यावीत यासाठी एखादं पत्र असावं. तेव्हा ते राहून गेलं. ‘अथेनियम’मधल्या सदराला मिळालेला प्रतिसाद पाहून थॉम्सला धीर आला आणि शनिवार, ३ नोव्हेंबर १८४९ रोजी पहिला अंक निघाला. प्रकाशक फ्लीट स्ट्रीटवरचा जॉर्ज बेल. किंमत तीन पेन्स. डोक्यावर ब्रीदवाक्य डिकन्सच्या एका कादंबरीतल्या कॅप्टन कटलचं होतं, ज्याचा आशय ‘सापडलं की टिपून ठेवा’.

उपशीर्षकात वाचकवर्ग स्पष्ट लिहिला होता: साहित्यिक, कलावंत, पुराणवस्तूंचे अभ्यासक, वंशावळी शोधणारे वगैरे मंडळींसाठी आपसांत संपर्काचं साधन. त्यातल्या ‘वगैरे’नेच पुढे सगळा अंक भरला.

हे साप्ताहिक चालायचं कसं?

दर शनिवारी अंक. त्यात तीन मोठे भाग: टिपणं, प्रश्न, उत्तरं. टिपण म्हणजे कुणाला जुन्या पुस्तकाच्या कोऱ्या पानावर, चर्चच्या वहीत किंवा आजीच्या तोंडून काही सापडलं तर ते. प्रश्न म्हणजे जे सापडत नाही ते. उत्तरं देणारे वाचकच. शेवटी नव्या पुस्तकांची दखल, ‘अमुक जुनं पुस्तक हवं आहे’ अशी यादी, आणि संपादकाची पत्रलेखकांना दोन-दोन ओळींची उत्तरं. हा शेवटचा रकाना मला फार आवडतो. फलाण्यांनी आपला पत्ता कळवावा, ढिकाण्यांचा प्रश्न पूर्वी येऊन गेला आहे, तमक्यांचं पत्र आमच्याकडे आहे पण जागा नाही. संपादकाचं टेबल त्यातून दिसतं.

पत्रलेखकांना मानधन नव्हतं. पैशासाठी कोणी लिहीतच नव्हतं. आपलं नाव, निदान आपली आद्याक्षरं, छापून येणं आणि आपला अडलेला प्रश्न सुटणं हीच कमाई. टोपणनाव चाले, पण खरं नाव-पत्ता संपादकाला कळवावा अशी अपेक्षा असे.

आणि यामागे एक गोष्ट होती जिच्याशिवाय हे सारं हवेतच राहिलं असतं: स्वस्त टपाल. १० जानेवारी १८४० पासून ब्रिटनमध्ये अर्ध्या औंसापर्यंतचं पत्र देशात कुठेही एका पेनीत जाऊ लागलं. त्याआधी अंतरावर दर असे आणि बहुतेक वेळा पैसे पत्र घेणाऱ्याने द्यायचे. अनोळखी माणसाचं ‘आमच्या गावात अशी एक म्हण आहे’ छापाचं पत्र कोण शिलिंग मोजून सोडवून घेणार? पेनी टपाल आलं आणि कॉर्नवॉलचा पाद्री व यॉर्कचा वकील एकाच टेबलाशी बसल्यासारखे बोलू लागले. खुद्द साप्ताहिकाच्या दोन आवृत्त्या असत: साधी तीन पेन्सची आणि मुद्रांक लावलेली चार पेन्सची. वर्तमानपत्रावर सरकारी मुद्रांक असला की ते टपालाने वेगळा खर्च न करता जाई; दूरच्या वर्गणीदारांसाठी ती सोय.

त्यात सूचीचीही भर. दर सहा महिन्यांचा खंड बांधला जाई, त्याला सविस्तर सूची. १८४९ ते १८५५ अशी पहिली मालिका बारा खंडांची. सूची नसती तर हे सगळं रद्दीत गेलं असतं. इथेही मला लॉर्ड्सच्या कागदांचा कारकूनच दिसतो.

एखादा नमुना सांगाल का?

पहिल्याच अंकात ‘ग्रोटो’वर एक टिपण आहे. लंडनची गरीब मुलं ऑगस्टच्या सुरुवातीला कालवांच्या शिंपल्यांची लहानशी गुहा रस्त्याच्या कडेला रचत, आत मेणबत्ती लावत आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे ‘ग्रोटोची आठवण ठेवा’ म्हणून पेनी मागत. आपल्याकडे दिवाळीत मुलं मातीचे किल्ले करतात तसाच हंगामी उद्योग, फक्त याला कमाईची जोड. हे मूळचं काय असावं? टिपणाचा तर्क असा की स्पेनमधल्या संत याकोबाच्या यात्रेला जाणारे यात्रेकरू शिंपला हीच खूण मिरवत, आणि जुन्या पंचांगाप्रमाणे त्या संताचा दिवस ऑगस्टच्या सुरुवातीलाच येई. इंग्लंड प्रॉटेस्टंट होऊन तीनशे वर्षं झाली, यात्रा बंद पडल्या, तरी खूण रस्त्यावरच्या पोरांच्या हातात उरली. तर्क पुरता सिद्ध झाला असं नव्हे. पण रोज दिसणाऱ्या गोष्टीकडे असं पाहायची सवय या पानांनी लावली.

दुसरा नमुना आणखी छोटा. सुरुवातीच्या अंकांत कुणीतरी विचारतं: सफकमध्ये त्या लाल ठिपक्याठिपक्यांच्या किड्याला, लेडीबर्डला, ‘बिशप बार्नबी’ का म्हणतात? बस, एवढंच. मग आठवड्यामागून आठवडे उत्तरं येतात. आमच्याकडे त्याला असं म्हणतात, तिकडे तसं. हा संत बार्नबासच्या सणाशी संबंध. छे, त्याचा काही संबंध नाही. निकाल लागला की नाही हे महत्त्वाचं वाटेनासं होतं, कारण वादावादीत पाच परगण्यांची माहिती जमा झालेली असते.

पत्रं लिहिणारे कोण होते?

गणितज्ञ ऑगस्टस डी मॉर्गन, ज्याचा जन्म मदुरेचा. लंडनच्या नाट्य-इतिहासाचा जाणकार पीटर कनिंगहॅम. ‘कथबर्ट बीड’ या नावाने विनोदी लिहिणारा एडवर्ड ब्रॅडली हा पाद्री. पुढे शब्दांच्या व्युत्पत्तीत मोठं नाव झालेला वॉल्टर स्कीट. ऑक्सफर्डचा मोठा इंग्रजी कोश रचताना जेम्स मरे यांनीही अडलेल्या शब्दांसाठी याच पत्राच्या वाचकांना साद घातली. पण नावाजलेले लोक मोजकेच. अंक भरत असे तो खेड्यातल्या चर्चच्या घरात बसलेल्या, ग्रीक शिकलेल्या आणि हाताला फारसं काम नसलेल्या पाद्र्यांमुळे.

स्त्रियाही लिहीत, बऱ्याचदा अशा नावाने की लिहिणारी बाई आहे हे कळूही नये. त्यांतल्या एकीबद्दल पुढे येईलच.

नोकरी, साप्ताहिक… आणि कॅम्डेन सोसायटीही?

हो. इंग्लंडच्या इतिहासाची अप्रकाशित साधनं छापण्यासाठी ही संस्था १८३८ मध्ये निघाली. वर्षाला एक पौंड वर्गणी, त्या बदल्यात वर्षभरात निघतील ती पुस्तकं. थॉम्स तिचा चिटणीस होता तो १८३८ पासून थेट १८७३ पर्यंत. संपादकांशी पत्रव्यवहार, छापखान्याकडे तगादा, वर्गणीदारांची नाराजी, हे सगळं चिटणिसाच्या गळ्यात. ‘नोट्स अँड क्वेरीज’चं संपादकपद त्याने १८७२ मध्ये सोडलं. म्हणजे जवळजवळ तेवीस वर्षं तीन कामं एकाच वेळी. नंतर १८९७ मध्ये कॅम्डेन सोसायटी रॉयल हिस्टॉरिकल सोसायटीत विलीन झाली.

शंभरी ओलांडलेल्या म्हाताऱ्यांशी त्याचं काय वाकडं होतं?

म्हाताऱ्यांशी नाही, पुराव्याशी. त्या काळी वर्तमानपत्रांत ‘अमक्या गावी १११ व्या वर्षी निधन’ अशा बातम्या सर्रास येत आणि कोणी शंका घेत नसे. वर जुन्या दंतकथा होत्याच. थॉमस पार, १५२ वर्षांचा, ज्याला १६३५ मध्ये लंडनला आणलं, तो लगेच मेला आणि ज्याचं शवविच्छेदन रक्ताभिसरणाचा शोध लावणाऱ्या विल्यम हार्वीने केलं. तो पुरला आहे वेस्टमिन्स्टर ॲबीत. हेन्री जेंकिन्स, म्हणे १६९ वर्षांचा, १५१३ च्या फ्लॉडनच्या लढाईसाठी बाण वाहून नेल्याचं सांगणारा. आयर्लंडची डेसमंडची काउंटेस, १४० वर्षांची, जी म्हणे झाडावरून पडून गेली. या वयात झाडावर काय करत होती, हे विचारायचं नाही.

थॉम्स विचारायचा. १८७३ मध्ये त्याने मानवी दीर्घायुष्यावर पुस्तक लिहिलं, आणि त्याच्या सगळ्या लेखनात हेच आज सर्वांत ताजं वाटतं. त्याची पद्धत साधी. वय सांगता? बाप्तिस्म्याची नोंद दाखवा. नोंद आहे? मग ती याच माणसाची कशावरून? इंग्लंडमध्ये सरकारी जन्मनोंदणी १८३७ मध्ये सुरू झाली, त्यामुळे शंभरीचा दावा करणाऱ्या प्रत्येकाचा पुरावा चर्चच्या वहीतच असणार. आणि तिथे खाचखळगे फार. एक मूल दगावलं की पुढच्या मुलाला तेच नाव ठेवत. मग थोरल्याची नोंद धाकट्याच्या नावावर चढते आणि माणूस एका फटक्यात दहा वर्षांनी मोठा होतो. आत्या-भाची, चुलत भावंडं एकाच नावाची. शेजाऱ्यांना शंभरीचं कौतुक, धर्मादाय मदत देणाऱ्यांनाही कौतुक, मग म्हातारा तरी कशाला नाही म्हणेल?

लिव्हरपूलची मेरी बिलिंज हे त्याने सोडवलेलं नमुनेदार प्रकरण. १८६३ मध्ये वारली तेव्हा वय ११२ सांगितलं गेलं, बाप्तिस्म्याचा दाखलाही हजर. शोध घेतल्यावर निघालं की दाखला दुसऱ्याच मेरी बिलिंजचा. हिचे आईवडील वेगळे, जन्म वीसेक वर्षं नंतरचा. खरं वय ९१.

कोणीच शंभर वर्षं जगत नाही, असं त्याचं म्हणणं नव्हतं. तसं म्हणणारे सर जॉर्ज कॉर्नवॉल लुईस यांच्यासारखे लोक होते. थॉम्सचं म्हणणं एवढंच की असं वय दुर्मिळ आहे, आणि दुर्मिळ गोष्टीला पुरावाही तेवढाच भक्कम लागतो. आजही अतिवृद्धांची वयं तपासणारे लोक साधारण याच पायऱ्या चढतात.

त्याने स्वतः कधी अशी गफलत केली का?

केली, आणि अगदी याच जातीची. १८६५ मध्ये त्याने शेक्सपिअरवर तीन छोटे निबंध एकत्र छापले. त्यांतला एक ‘शेक्सपिअर कधी सैनिक होता का?’ वॉरिकशायरमधल्या रोविंग्टन गावच्या १६०५ च्या सैनिकांच्या यादीत त्याला विल्यम शेक्सपिअर हे नाव सापडलं आणि तो हरखून गेला. अडचण अशी की त्या परिसरात शेक्सपिअर आडनावाची घरं बरीच होती आणि विल्यम हे नाव तर घरोघरी. नाटककाराचा त्या यादीशी संबंध अभ्यासकांनी मान्य केला नाही. नाव एक, माणसं दोन, हे मेरी बिलिंजच्या बाबतीत ज्याला दिसलं त्याला आवडत्या कवीच्या बाबतीत दिसलं नाही. त्याच्या चरित्रातला हा तुकडा मला सर्वांत जास्त माणसासारखा वाटतो.

तीन युगांची मांडणी करणारा थॉम्स हाच का?

नाही, तो डेन्मार्कचा ख्रिश्चन थॉमसन. दगड, कांसं आणि लोखंड अशी पुरातन वस्तूंची विभागणी कोपनहेगनच्या संग्रहालयात त्याने केली. गल्लत व्हायला कारणही आहे: थॉमसनच्या हाताखाली तयार झालेल्या वॉर्सा या पुरातत्त्वज्ञाच्या पुस्तकाचं इंग्रजी रूपांतर आपल्या थॉम्सने १८४९ मध्ये, म्हणजे साप्ताहिक सुरू केलं त्याच वर्षी, प्रसिद्ध केलं आणि इंग्लंडमधल्या तशाच अवशेषांची माहिती त्याला जोडली.

फोकलोअर सोसायटीचा संस्थापक थॉम्सच ना?

अर्धं श्रेय द्या. १८७६ मध्ये ‘नोट्स अँड क्वेरीज’मध्ये ‘सेंट स्विदिन’ या सहीने एक पत्र आलं: अशी एखादी संस्था का असू नये? ‘सेंट स्विदिन’ म्हणजे एलायझा गच. होय, बाई. थॉम्सने कल्पना उचलून धरली, आणि १८७८ मध्ये संस्था उभी राहिली तेव्हा तो संचालक झाला. चिटणीस तरुण लॉरेन्स गॉम. परीक्षेच्या पुस्तकांत थॉम्स आणि गॉम असतात, गचबाई नसतात. त्यांनी पुढे यॉर्कशायरच्या लोकपरंपरांवर संकलनाचं मोठं काम केलं.

त्याच्या कामावर टीका काय होते?

मोठी टीका रास्त आहे. ज्यांच्या चालीरीती, ते लोक या पानांत बोलत नाहीत. शेतमजुराची म्हण पाद्री पाठवतो, मोलकरणीची समजूत मालकीण पाठवते. सांगणाऱ्याचं नाव बहुधा नसतं. ‘आमच्या भागातली एक म्हातारी’ एवढ्यावर भागतं. ती म्हातारी का सांगत होती, हसून सांगत होती की घाबरून, काही कळत नाही. आणि ‘हे सगळं जुन्या काळचे अवशेष’ ही दृष्टी थॉम्सची एकट्याची नसली तरी त्याने ती घट्ट केली. चालू, बदलतं, नव्याने जन्माला येणारं असं काही त्यात बसत नाही. प्रश्नांची पुनरावृत्ती, फुटकळपणा, खानदानांच्या वंशावळीची पानंच्या पानं, हे दोष आहेतच, पण ते साप्ताहिकाचे.

महाराष्ट्राशी याचा काही धागा आहे का?

थेट थॉम्सचा नाही, त्याने सुरू केलेल्या रीतीचा मात्र आहे. १८७२ मध्ये जेम्स बर्जेस यांनी मुंबईत ‘इंडियन अँटिक्वेरी’ काढलं. शिलालेख आणि ताम्रपटांसाठी ते आपल्याला ठाऊक असतं, पण छोट्या टिपणांना आणि चौकश्यांनाही त्यात जागा असे.

नाशिकचा कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन आपल्याकडे २१ डिसेंबर १९०९ च्या घटनेमुळे माहीत आहे: विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’चा प्रयोग, अनंत कान्हेरे, पिस्तूल. त्याच जॅक्सनने गुजरात आणि कोकणातल्या समजुती व रिवाजांची माहिती शाळामास्तरांकडून प्रश्नांची उत्तरं मागवून गोळा केली होती. ती पुढे आर. ई. एन्थोवेन यांनी संपादित केली. कोकणचा भाग १९१५ चा. प्रश्न धाडायचे आणि गावातल्या शिकलेल्या माणसाकडून उत्तर मिळवायचं, ही तीच रीत. फरक एवढाच की इथे विचारणारा कलेक्टर होता आणि उत्तर देणारा त्याच्या सरकारचा नोकर. पेनीचं तिकीट लावून हौसेने लिहिणाऱ्या पाद्र्यापेक्षा या मास्तराची स्थिती निराळी, हे ती पुस्तकं वाचताना लक्षात ठेवायला हवं.

याच्याही आधीचं, १८६८ चं, मेरी फ्रिअरचं दख्खनच्या कथांचं पुस्तक. मुंबईचा गव्हर्नर बार्टल फ्रिअर याची ही मुलगी. कथा सांगितल्या तिच्या घरच्या आयेने, म्हणजे दाईने, ॲना लिबेराता डिसोझाने, जिच्या आजोबांचं कुटुंब मूळचं लिंगायत; गोव्याजवळ येऊन राहिल्यावर आजोबा ख्रिस्ती झाले. या पुस्तकात कथांआधी ॲनाने सांगितलेली तिची स्वतःची कहाणीही छापली आहे. थॉम्सच्या साप्ताहिकाच्या शेकडो पानांत जे सापडत नाही, ते इथे सापडतं: सांगणारीचं नाव, घर, हलाखी आणि मत.

आज हे वाचायचं कुठे आणि कसं?

‘नोट्स अँड क्वेरीज’ अजून निघतं, ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसकडून. आता ते त्रैमासिक आहे आणि अभ्यासकांपुरतं. जुने खंड मात्र फुकट आहेत. इंटरनेट अर्काइव्हवर त्यांची छायाचित्रित पानं मिळतात, आणि १८४९ पासूनचे सुरुवातीचे अंक प्रोजेक्ट गुटेनबर्गवर शुद्ध मजकुराच्या रूपात आहेत. शोधायला दुसरं सोपं.

दोन-तीन सूचना. माणसाच्या खऱ्या नावाने शोधू नका, कारण निम्मे लोक आद्याक्षरांनी किंवा टोपणनावांनी लिहितात, विषयाने शोधा. प्रश्न सापडला तर तिथे थांबू नका, पुढच्या दहा-बारा अंकांतली उत्तरं पाहा आणि खंडाच्या सूचीतूनच जा. भारताविषयीचे प्रश्नही मधूनमधून येतात, तेव्हाची स्थळांची इंग्रजी स्पेलिंग घालून पाहावी लागतात. थॉम्सला काय म्हणायचं होतं हे त्याच्याच शब्दांत हवं असेल तर १८७६-७७ च्या अंकांत त्याने या साप्ताहिकाची कहाणी स्वतः लिहिली आहे, आणि १८८१ मध्ये ‘नाइन्टीन्थ सेंच्युरी’ या मासिकात एका म्हाताऱ्या पुस्तकवेड्याच्या गप्पा. वेळ अगदीच कमी असेल तर १८४६ चं पत्र वाचा. दोन पानंही भरणार नाही. आणि त्यानंतर पहिला अंक, शेवटच्या पानावरच्या ‘हवी आहेत’ यादीसकट.